तिसऱ्या ओळीवर अडणारं भाषण

मराठवाड्यातल्या कुठल्याही शाळेत १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या सकाळी, जाऊन बघा. झेंडावंदन होतं, पोरं मांडी घालून बसतात आणि भाषणं सुरू होतात. "सन्माननीय व्यासपीठ, वंदनीय गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्रांनो" इथपर्यंत गाडी जोरात असते. दुसरं वाक्यही निघून जातं. तिसऱ्याला पोरगं थांबतं, वर पत्र्याकडे बघतं, ओठ नुसतेच हलवतं, आणि मग पुन्हा "सन्माननीय व्यासपीठ"पासून सुरू करतं.

तालुक्याच्या गावी सूत्रसंचालन करत मला बरीच वर्षं झाली. मुक्तिसंग्राम दिन, शिवजयंती, भीमजयंती, गणपती, निरोप समारंभ, सगळीकडे हा प्रसंग मी पाहिलाय. मोठी माणसंही अडतात, फक्त ती "असो" म्हणून वेळ मारून नेतात. पण अडलेलं पोरगं नेमकं पहिल्यापासूनच का सुरू करतं, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. भाषणाच्या तयारीचं निम्मं शास्त्र त्याच्या उत्तरात आहे.

शब्दन् शब्द पाठ केलेला मजकूर डोक्यात साखळीसारखा बसतो. आधीचा शब्द पुढच्याला ओढून आणतो. पाढ्यांचं तसंच आहे. सतरा साते किती, असं अचानक विचारलं तर आपल्यातले निम्मे लोक मनातल्या मनात सतरा एके सतरापासून चढत येतात. मधूनच आत शिरायला दार नसतं. घरात, शांततेत ही साखळी झकास चालते. सभेत मात्र माईक शिट्टी मारतो, मागच्या रांगेत कोणी खुदकन हसतं, नाहीतर पाहुण्यांची गाडी येते आणि सगळे तिकडे बघतात. एक कडी निसटते. दोर तुटला की पोहरा थेट विहिरीच्या तळाशी, तसं पुढचं सगळं भाषण जातं. म्हणून पोरगं काठावर परत येतं आणि पहिल्यापासून दोर सोडतं.

आमच्या भागात या अडचणीवरचा उपाय शेकडो वर्षांपासून आहे, फक्त तो देवळात राहिला, शाळेत आला नाही. संत नामदेवांचं नरसी आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातलं. वारकरी कीर्तनाची परंपरा त्यांच्यापासून सांगतात. सप्ताहात कीर्तनकार बुवा दोन-दोन तास उभ्याने बोलतात आणि हातात चिठोरं नसतं. त्यांनी दोन तासांचा मजकूर पाठ केलेला असतो का? मुळीच नाही. निरूपणाला एक अभंग घेतलेला असतो, तो मात्र अक्षर न् अक्षर पाठ. अभंगाचा एकेक चरण म्हणजे भिंतीतली एकेक खुंटी. त्या खुंटीला दृष्टान्त, ओव्या, प्रमाणं, काल पारावर घडलेला किस्सा असं काय काय अडकवलेलं असतं. आज या गावात एक दृष्टान्त, उद्या त्या गावात दुसरा. खुंटी तीच.

आणि मधेच बुवा ध्रुपदावर, म्हणजे अभंगाच्या पालुपदावर येतात. टाळकरी चाल उचलतात, मृदंग घुमतो. लोकांना वाटतं रंग भरला, आणि तो भरतोच, पण त्या अर्ध्या मिनिटात बुवा श्वास घेतात, उपरण्याने तोंड पुसतात, पुढची खुंटी चाचपतात. अडल्यावर परत यायची एक ठरलेली जागा त्यांनी आधीच करून ठेवलेली असते.

मी भाषण बसवून देतो म्हणजे एवढंच करतो. खुंट्या ठोकून देतो, त्याही चारच. चारच का, तर एका वेळी मनात किती गोष्टी हाताशी धरता येतात यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली हा आकडा सातच्या आसपास सांगितला होता. नेल्सन कोवन यांनी २००१ साली तो चारपर्यंत खाली आणला. घाबरलेल्या माणसाचं निम्मं लक्ष घाबरण्यातच जातं, तेव्हा चार म्हणजेसुद्धा चैन आहे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पुतणी तेव्हा आठवीत. सतरा सप्टेंबरला आठ दिवस होते आणि तिच्या बापाने, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, मोबाईलवरून तीन पानांचं भाषण उतरवून दिलं होतं. ओसरीवर येरझाऱ्या घालत तिचा जप चालू होता. मी म्हटलं, "काय करायलीस?" म्हणाली, "काका, मला सगळं येतंय. घरी येतंय, तिथं गेलं की जायलंय."

तिचं वाक्य खोटं नव्हतं. कागद पुन्हा पुन्हा वाचला की मजकूर ओळखीचा होतो, आणि ओळखीचं म्हणजे पाठ झालंय असं वाटायला लागतं. बाजारात एखाद्याचा चेहरा ओळखीचा वाटतो पण नाव काही केल्या आठवत नाही, तसलाच प्रकार. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन संशोधकांनी २००६ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो फक्त वाचला, सरासरी चौदा वेळा. दुसऱ्या गटाने तीन-चार वेळाच वाचला आणि मग कागद बाजूला ठेवून आठवून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरलं होतं आणि आठवणाऱ्यांकडे ६१. आपल्याला जास्त लक्षात राहील असा भरवसा मात्र वाचणाऱ्या गटालाच अधिक होता.

पुतणीचा जप आणि हा चौदा वेळा वाचणारा गट यांत फरक नव्हता. कागद हातात असताना डोकं कामच करत नाही, डोळे करतात. सभेत डोळ्यांना कागद मिळत नाही. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी कागद काढून घेतला. रडकुंडीला आली. मी म्हटलं, "जेवढं आठवतंय तेवढं तुझ्या शब्दांत सांग. घसरलं तर घसरू दे." जे अडखळत, मोडकंतोडकं बाहेर आलं, ती तिची पहिली खरी तालीम. आठवायला जोर लावावा लागतो तेव्हाच ते मुरतं. गुळगुळीत वाचनाने काही मुरत नाही.

आता मजकूर. तीन पानांत १५ ऑगस्ट १९४७, २९ नोव्हेंबर १९४७, १३ सप्टेंबर १९४८, १७ सप्टेंबर १९४८ अशा तारखा होत्या, जैसे थे करार होता, सातवा निजाम मीर उस्मान अली खान होता, स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि इतरांची लांबलचक यादी होती. सगळं खरं, सगळं महत्त्वाचं. मोबाईलवर वेळ लावून म्हणायला लावलं तर पाच मिनिटं चाळीस सेकंद. सरांनी दिलेली वेळ तीन मिनिटं.

माझी आई, म्हणजे तिची आजी, तिथेच भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. ऐकता ऐकता म्हणाली, "मला काय कळंना बाई. देश तर पंधरा ऑगस्टलाच सुटला म्हणायलीस. मग आपलं काय राहिलं होतं?"

पोरगी गप्प. तिला उत्तर माहीत होतं, पण भाषणात ते कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याने गृहीत धरलं होतं की ऐकणाऱ्याला ते ठाऊकच असणार. या गृहीत धरण्यावरही एक गमतीदार प्रयोग आहे. एलिझाबेथ न्यूटन या विद्यार्थिनीने १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात काही लोकांना ओळखीच्या गाण्यांचा ताल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितला. समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्मी तरी ओळखतीलच. १२० पैकी ओळखली गेली ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला नुसती टकटक येते. वक्त्यांचं बहुतेक वेळा हेच होतं, आणि विषयातले जाणकार जास्त फसतात. म्हणून तालमीला एक तरी माणूस असा हवा, ज्याला विषय माहीत नाही आणि तुमचा मुलाहिजाही नाही. घरातली म्हातारी माणसं या कामाला सोन्यासारखी.

आजीच्या प्रश्नाने पहिली खुंटी ठरली. देश सुटल्यावर आपल्याला तेरा महिने आणि दोन दिवस वाट बघावी लागली, कारण आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. दुसरी खुंटी, रझाकार, म्हणजे निजामाचं राज्य टिकवायला उठलेली हत्यारबंद माणसं. तिसरीसाठी मी आईलाच विचारलं, "तुझी आई काय सांगायची?" आईने हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाली, "रझाकार आले अशी हाळी आली की बाया लेकरं घेऊन ज्वारीत जाऊन बसायच्या. भादव्यातली ज्वारी, माणूस दिसायचं नाही. मी वर्षाची होते. रडू नये म्हणून माय माझ्या तोंडात गुळाचा खडा धरायची." हे मी पन्नाशीत पहिल्यांदा ऐकत होतो. चौथी खुंटी, तेरा सप्टेंबरला सुरू झालेली पोलीस ॲक्शन, म्हणजे हैदराबादवरची भारतीय लष्कराची कारवाई. आमच्याकडे अजूनही तोच शब्द आहे. तारखा दोनच ठेवल्या. बाकी सगळं कापलं. भावाला वाईट वाटलं, दोन रात्री जागून उतरवलं होतं त्याने. पण तीन मिनिटांत चार तारखा ऐकणाऱ्याला एकही तारीख राहत नाही.

दुसऱ्या दिवसापासून चार चिठ्ठ्या केल्या. मी चिठ्ठी उचलायची, तिने तिथून सुरू करायचं. कधी तिसरीपासून, कधी चौथीपासून. याने साखळी मोडते आणि प्रत्येक खुंटीला स्वतःचं दार होतं. प्रत्येक वेळी शब्द वेगळे आले तरी चालतील, किंबहुना यावेतच. तीच गोष्ट पाच प्रकारे सांगून झालेल्या माणसाला सभेत एक प्रकार आठवला नाही तरी चार शिल्लक असतात. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक मात्र शब्दशः पाठ. सुरुवातीला धडधड सगळ्यात जास्त असते, तेव्हा जीभ आपोआप चालली पाहिजे. आणि शेवट पाठ नसला की माणूस "एवढे बोलून माझे दोन शब्द संपवतो" म्हणतो आणि आणखी दहा मिनिटं बोलतो.

धडधडीचं कोडं तसं सोपं आहे. शंभर डोळे आपल्याकडे लागले की शरीर त्याला संकट समजतं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनॅलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, श्वास वरवरचा होतो, तळहात घामेजतात, लाळ कमी होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. पळायला किंवा लढायला हे सगळं उपयोगी. आपण करतो मात्र उलटं, माईकसमोर खांबासारखे उभे राहतो, आणि ती सगळी ताकद हातातल्या कागदाच्या थरथरीतून बाहेर पडते. (म्हणून टिपणं पातळ कागदावर नकोत. जाड पुठ्ठ्याचा तुकडा थरथरत नाही. लग्नपत्रिकेची मागची बाजू उत्तम.)

यावर लोक सांगतात, "शांत हो." हा सल्ला फारसा चालत नाही. हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात भाषणाआधी काहींना "मी शांत आहे" म्हणायला लावलं, काहींना "मला उत्साह आलाय". दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. धडधड तीच, तिला नाव दुसरं दिलं. भरधाव बैलजोडी एकदम थांबवण्यापेक्षा वळवणं सोपं जातं. श्वासाचा उपाय मात्र खरा आहे. घेतो त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. लांब उच्छ्वासात हृदयाचे ठोके संथ होतात. खुर्चीवर बसल्या बसल्या चार-पाच वेळा केलं तरी पुरतं.

आणखी एक. आपली घबराट लोकांना स्वच्छ दिसतेय असं प्रत्येकाला वाटतं. ती तेवढी दिसत नाही. सॅव्हिट्स्की आणि गिलोविच यांनी २००३ साली हेच तपासलं. त्यातला मला आवडलेला भाग असा की, "तुमची घबराट वाटते तेवढी बाहेर दिसत नाही" हे ज्यांना आधी समजावून सांगितलं, त्यांची भाषणं खरोखरच जास्त चांगली झाली. पुतणीला मी हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "म्हंजे माझे पाय थरथरलेले कुणालाच दिसत नाहीत?" ध्वजस्तंभाजवळ बसलेल्यांना दिसतील कदाचित, मी म्हटलं.

तालीम उभ्यानेच करायची. अंथरुणात पडून पुटपुटलेलं धरायचं नाही, त्यात श्वासाची तालीम होत नाही. शेवटचे दोन दिवस तिला गच्चीवर नेलं, कारण खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा भोंगा वाजतो आणि शेजारच्या गिरणीचा पट्टा फटफटतो. शांत खोलीत बसवलेलं भाषण गोंगाटात विस्कटतं, तेव्हा गोंगाटातच बसवावं. मोबाईलवर आवाज भरून ऐकवला तर म्हणाली, "हा माझा आवाजच नाही." सगळ्यांना तसंच वाटतं. स्वतःचा आवाज आपण कवटीच्या हाडांतूनही ऐकतो म्हणून आतून तो भरदार लागतो. लोक ऐकतात तो मोबाईलमधलाच. चार वेळा ऐकलं की सवय होते, आणि आपण "तर", "म्हणजे", "ॲक्च्युअली" किती वेळा म्हणतो तेही कळतं.

मोठ्यांच्या भाषणात आणखी एक अडचण असते, तिची तालीम कोणी करत नाही. माझे दाजी वीज खात्यातून निवृत्त झाले तेव्हा त्यांना सेवापूर्तीला बोलायचं होतं. आयुष्य खांबावर चढण्यात गेलेलं, विजेला न भिणारा माणूस. घरी म्हणून दाखवताना मी बघितलं, "वडिलांनी शेत विकून मला शिकवलं" या वाक्याला दर वेळी गळा दाटायचा. ते म्हणाले, "हे गाळून टाकतो." मी म्हटलं, गाळू नका, हेच वाक्य सुटं काढा आणि रोज दहा वेळा मोठ्याने म्हणा. पहिल्या दिवशी चार वेळा म्हणून उठून गेले. चौथ्या दिवशी वाक्य नीट निघायला लागलं. त्याच्या आधी एक घोट पाण्याचा ठेवला, कारण गिळल्याने घसा सुटतो आणि दोन सेकंदही मिळतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात समोरचे लोक रडले, दाजींचा आवाज शेवटपर्यंत ठाम होता. सहकाऱ्यांची नावं मात्र मी त्यांना पाठ करू दिली नाहीत. नावं आणि आकडे कायम कागदावर, वाचून दाखवायचे. त्यात कमीपणा कसला? एखाद्याचं नाव राहिलं तर तो वर्षभर बोलत नाही.

माईकबद्दल थोडक्यात. तोंडापासून चार बोटं, आणि जरा तिरका, म्हणजे प, फ, भ म्हणताना हवेचा फटका थेट बसत नाही. शिट्टी वाजते ती माईक आणि कर्ण्याच्या भांडणाने. कर्ण्यातला आवाज माईक पुन्हा उचलतो, तो पुन्हा कर्ण्यातून मोठा होऊन येतो, असं चक्र फिरत राहतं. म्हणून माईक कर्ण्याच्या समोर कधी न्यायचा नाही. माझ्या पहिल्या सूत्रसंचालनात मी हातात माईक घेऊन ऐटीत थेट बॉक्ससमोर गेलो होतो. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी दोन्ही कान धरले. मंडपवाल्याने येऊन मला दंडाला धरून मागे ओढलं, सगळ्यांसमोर.

आणि आपल्याकडची खरी परीक्षा तर वेगळीच. पत्रिकेवर दहाची वेळ, प्रमुख पाहुणे साडेअकराला, मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग शाल-श्रीफळ, मग राहिलेल्यांचे सत्कार, मग ज्यांना वाईट वाटेल त्यांचे सत्कार. तुमची पाळी येईपर्यंत मागून जेवणाचा वास सुटलेला असतो आणि सूत्रसंचालक (बऱ्याचदा मीच) कानात सांगतो, "सर, दोन मिनिटांत आटपा." दहा मिनिटांची साखळी घेऊन आलेला माणूस तेव्हा दहा मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत पळवतो आणि कोणालाच काही कळत नाही. खुंट्या असलेला माणूस तीन खुंट्या सोडून देतो आणि एकच नीट सांगतो. म्हणून तालीम तिन्ही मापांची करायची, पूर्ण, निम्मी आणि दोन मिनिटांची. दोन मिनिटांची करताना कळतं की आपल्याला मुळात सांगायचं काय होतं.

सतराच्या सकाळी पुतणी सातवी की आठवी बोलायला उभी राहिली. पाऊस भुरभुरत होता, पोरं पत्र्याखाली दाटीने बसलेली. तेरा महिने झाले, रझाकार झाले, आणि ती थांबली. वर बघितलं. माझ्या पोटात गोळा आला. मग तिने मोठा श्वास घेतला आणि थेट पोलीस ॲक्शनवर गेली. एक क्षण वाटलं, ज्वारी गेली. पण पोलीस ॲक्शनचं सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि त्याच्या आधीची एक गोष्ट सांगते, माझ्या पणजीची." खुंट्यांचा क्रम उलटा झाला होता. ते तिला, मला आणि चिठ्ठ्यांना सोडून कोणाला कळलं नाही.

घरी आली तेव्हा आजी दारातच बसली होती. नंबर आला का, लोक किती होते, काही विचारलं नाही.

"गुळाचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"मग काय म्हणले लोक?"

"काहीच नाही म्हणले. गप बसले होते सगळे."

आजीने मान हलवली आणि शेंगांचं सूप पुढे ओढलं.